बिल्ल्यांचे पाठभेद

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही सारेच ज्ञानेश्वरीपाशी जातो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेले शुद्धीकरण, त्याच्या आगेमागे झालेल्या प्रती, लेखनिकांच्या हातून घडलेले प्रमाद आणि हेतुपुरस्सर घातलेले प्रक्षेप ही सारी चर्चा कागदावरील अक्षरांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात आम्ही एका निराळ्या संहितेकडे वळणार आहोत. ही संहिता दीड-दोन इंचांच्या पितळी पत्र्यावर ठशाने उठवलेली असते, सैनिकाच्या टोपीवर मिरवते आणि तिलाही आवृत्त्या असतात, गाळलेले पाठ असतात, नकली प्रती असतात. लष्करी बिल्ले जमविणाऱ्यांना आपण छांदिष्ट म्हणून बाजूला सारतो. टपाल तिकिटे जमविणाऱ्यास निदान भूगोल तरी येतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. बिल्ले जमविणाऱ्याच्या वाट्याला तेवढेही कौतुक येत नाही. वस्तुतः त्याचे काम प्रतपरीक्षणाचेच असते.

शब्दापासून सुरुवात करणे आम्हां मराठीच्या माणसांना सोयीचे. ‘चपराशी’ हा शब्द ‘चपरास’पासून आला, आणि चपरास म्हणजे पट्ट्यावर लावलेली पितळी तबकडी. फारसीत चप म्हणजे डावा आणि रास्त म्हणजे उजवा. पट्ट्याची डावी-उजवी टोके जिथे जुळतात तिथली ती खूण, अशी व्युत्पत्ती कोशकार देतात. मराठीने त्याच माणसाला ‘पट्टेवाला’ म्हटले. म्हणजे एकाने माणसाचे नाव तबकडीवरून ठेवले, दुसऱ्याने पट्ट्यावरून. माणूस दोन्हीकडे गैरहजर. अंगावरची खूण माणसाला गिळून टाकते, हे बिल्ल्याच्या इतिहासातील पहिले सत्य भाषेने असे नोंदवून ठेवले आहे.

मराठ्यांच्या फौजांत आजच्या अर्थाचा बिल्ला नव्हता. तिथे निशाण होते, जरीपटका होता, शिक्का होता. पराक्रमाची पावती कडे, शिरपाव, पालखी, अबदागिरी यांच्या रूपाने व्यक्तीला मिळे. पलटणीला, म्हणजे नावे पुसलेल्या समूहाला, एकच चिन्ह द्यायचे आणि ते प्रत्येक शिपायाच्या डोक्यावर सारखेच लावायचे, ही कल्पना कवायती सैन्याबरोबर आली. ‘पलटण’ हा शब्दही तिच्याबरोबरच आला.

आता संग्राहक काय पाहतो ते थोडक्यात सांगू. तो आधी मुकुट पाहतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील बिल्ल्यांवरचा मुकुट निराळा. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आल्यावर जो ट्यूडर मुकुट आला, तो सहाव्या जॉर्जच्या अखेरीपर्यंत टिकला. दुसऱ्या एलिझाबेथने सेंट एडवर्डचा मुकुट निवडला. हा फरक कमानींच्या बाकात असतो. ट्यूडर मुकुटाच्या कमानी वर उचललेल्या, तर सेंट एडवर्डच्या मध्ये खचलेल्या. यातून एक साधा नियम निघतो. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि आपल्या सैन्याच्या चिन्हांवरून मुकुट गेला. एलिझाबेथ राज्यावर आली १९५२ मध्ये. तेव्हा भारतात राहिलेल्या एखाद्या पलटणीचा बिल्ला म्हणून कोणी सेंट एडवर्डचा मुकुट असलेला तुकडा दाखवला, तर तो घडविणाऱ्याने इतिहास न वाचता साचा बनवला, असे खुशाल समजावे.

मुकुटानंतर आकडे. इथे मात्र भल्याभल्यांची फसगत होते. मुंबई इलाख्यातील पाचव्या पलटणीने १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहान येथे वेढ्यात चिवटपणे तग धरला आणि तिला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला. १९०३ मध्ये किचनेरने साऱ्या सैन्याचे क्रमांक नव्याने लावले, तेव्हा मुंबईच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले आणि पाचवी पलटण एकशेपाचवी झाली. १९२२ च्या पुनर्रचनेत अनेक पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री बनली. तिच्यात आपली एकशेपाचवी दुसरी बटालियन म्हणून दाखल झाली. म्हणजे एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांत पाच, एकशेपाच आणि पुन्हा पाच. पण पहिला पाच आणि शेवटचा पाच एक नव्हेत. ‘काळी पाचवी’ हे तिचे बोलीतले नाव मात्र या सगळ्या सरकारी उलथापालथीतून टिकले. हस्तलिखितांच्या यादीत एकाच नावाचे दोन कवी सापडल्यावर आपली जी अवस्था होते, तीच या पाचांच्या बाबतीत संग्राहकाची होते.

तिसरी गोष्ट म्हणजे बिल्ल्याची पाठ. खरा ठसा दाबून काढलेला असतो, त्यामुळे पुढचा उठाव मागे खळग्याच्या रूपाने दिसतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट वा खरबरीत असते आणि तिच्या कडा मऊ पडतात. मागे टोपीत अडकविण्यासाठी दोन कड्या किंवा एक उभी पट्टी असते. ती नंतर डाखलेली आहे काय, हे भिंगाखाली कळते. जुन्या साच्यांवरून पुन्हा काढलेले ठसेही बाजारात असतात, आणि ते ओळखणे सर्वांत अवघड. कारण तिथे अक्षर खरे असते, काळ खोटा असतो. असो. तंत्राचा हा भाग रसाळ असला तरी आमचा मुद्दा तो नव्हे. जाता जाता एवढे सांगून ठेवतो, की बिल्ले जमविणे हा गुन्हा नाही. सैनिक नसताना सैनिक असल्याचे भासविण्याच्या हेतूने पोशाख वा खूण वापरणे हा गुन्हा आहे. भारतीय दंडसंहितेत तो कलम १४० मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेतही तो कायम आहे. कायदाही शेवटी हेतूच विचारतो.

चिन्हांकडे येऊ. काही चिन्हे मूळची निव्वळ कामाची असतात. लाइट इन्फंट्रीचे शिपाई विखरून लढत. ओळीत चालणाऱ्यांसाठी असलेला ढोल त्यांच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून इशारे शिंगाने दिले जात. शिंग बिल्ल्यावर आले ते असे. ग्रेनेडिअरच्या बिल्ल्यावरचा ज्वाळा फेकणारा गोळा हा हातबॉम्बचा पूर्वज. तो फेकण्यासाठी उंच, दणकट शिपाई निवडत, आणि पुढे गोळे फेकणे थांबले तरी निवड आणि चिन्ह दोन्ही राहिली. अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर लक्षणा रूढ झाली, मुख्यार्थ बाद झाला.

दुसरा वर्ग वारशाने आलेल्या चिन्हांचा. कुमाऊं रेजिमेंटच्या बिल्ल्यावर अर्धा सिंह आहे. तो हिमालयातला नाही आणि गीरचाही नाही. तो रसेल नावाच्या इंग्रज घराण्याच्या कुलचिन्हातला आहे. निजामाच्या राज्यात रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलने जी फौज उभी केली, तिच्या वंशपरंपरेत आजची कुमाऊं येते. ग्रेनेडिअर्सच्या गोळ्यावर एक पांढरा घोडा आहे. तो जर्मनीतील हॅनोव्हर घराण्याचा. पहिल्या जॉर्जबरोबर १७१४ मध्ये तो इंग्लंडात आला, तिथून ग्रेनेडिअरांच्या टोपीवर चढला आणि मुंबई इलाख्याच्या पलटणींत पोहोचला. इंग्लंड आणि हॅनोव्हर यांचा राजा एक असण्याची व्यवस्था १८३७ मध्ये संपली, खुद्द हॅनोव्हरचे राज्य १८६६ मध्ये प्रशियाने घशात घातले. घोडा मात्र आजही भारतीय सैन्याच्या एका मानाच्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आहे. त्याला हलवावे असे कोणास वाटले नाही, कारण तो कोणाचा हे कोणास आठवत नाही.

तिसऱ्या वर्गातील चिन्हे स्मरणाची. लढाईची जागा, लढाईची खूण, विजयाचा साक्षीदार. इथे आम्हां महाराष्ट्रातल्या वाचकांना थांबावे लागते, कारण या चिन्हांतली दोन आपल्याच मातीतून उचललेली आहेत.

पहिले चिन्ह असईचे. आजच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लू जिंकल्यानंतरही आपली सर्वोत्तम कामगिरी म्हणून असईचे नाव घेत असे, असे सांगतात. त्याची दीड हजारांहून अधिक माणसे जखमी वा ठार झाली. फौजेच्या आकाराच्या मानाने हे प्रमाण भयंकर होते. या लढाईत शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी कसे उभे राहिले, फळी फुटून शत्रू पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही जण पुन्हा उठून तोफा कसे चालवू लागले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. त्या गोलंदाजांच्या वाट्याला कसलीही खूण आली नाही. हरलेल्या बाजूचा बिल्ला कोणी पाडत नाही. जिंकणाऱ्या पलटणींना मात्र कंपनी सरकारने हत्तीचे चिन्ह दिले. काही स्कॉटिश पलटणींच्या निशाणांवर हा हत्ती गेला, आणि मद्रासच्या पलटणींकडेही आला. आजच्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हात ढालीवर उभा असलेला हत्ती तो हाच, असईचा हत्ती.

दुसरे चिन्ह कोरेगावचे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालील आठशेच्या आसपास माणसांच्या तुकडीने पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेतील हल्लेखोरांशी दिवसभर झुंज दिली. तुकडीचा कणा होता तो मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. सव्वादोनशेहून अधिक माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. लष्करीदृष्ट्या निर्णय लागला म्हणावा असे नाही. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली आणि स्टॉन्टनही पुढे पुण्याकडे न जाता मागे फिरला. कंपनीने मात्र ती जागा महत्त्वाची मानली आणि १८२१ मध्ये तिथे स्तंभाची पायाभरणी केली. त्याच्यावरील लेख इंग्रजीत आणि मराठीत आहे. कंपनीच्या मृत शिपायांची एकोणपन्नास नावे तिथे आहेत. त्यांतील बावीस नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. हा प्रत्यय महार समाजातील नावांचा. उरलेल्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. स्तंभ उभारणाऱ्याच्या मनात साम्राज्याची बढाई होती, यात संशय नाही. पण लेखकाचा हेतू आणि संहितेचा अर्थ एक नसतो, हे आम्ही वर्गात रोज सांगतो. गावगाड्यात ज्यांचे नाव धड उच्चारलेही जात नव्हते, त्यांची नावे पहिल्यांदा दगडावर आली ती इथे. ‘नाक’ या दोन अक्षरांकडे भाषेच्या विद्यार्थ्याने तरी आदराने थांबून पाहावे.

त्याच कंपनीच्या वारसदारांनी १८९० च्या दशकात लढाऊ आणि बिगरलढाऊ जातींचा सिद्धान्त पुढे करून महारांना सैन्याचे दरवाजे बंद केले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार ही पलटण उभारली गेली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, ते या पार्श्वभूमीवर. सुभेदार रामजी सकपाळांच्या मुलाला सैन्यातील नोकरीचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. पगार, लिहिणे-वाचणे, पेन्शन आणि गावाबाहेरचे जग, हे सारे त्या नोकरीने एका पिढीला दिले होते आणि एका आदेशाने पुढच्या पिढीकडून काढून घेतले होते.

१९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर बाबासाहेबांची नेमणूक झाली, त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. नव्या रेजिमेंटला बिल्ला हवा होता. दुसऱ्या बटालियनमधील कॅप्टन मॉर्टलमन्स या अधिकाऱ्याने तो काढला: कोरेगावचा स्तंभ आणि त्यावर ‘महार’ हा शब्द. बस्स, एवढेच. हा झाला मूळ पाठ.

या पाठाची थोरवी लक्षात घ्यावी असे आम्हांस वाटते. जातीचे नाव सैनिकी बिल्ल्यावर येणे ही त्या सैन्यात नवलाची गोष्ट नव्हती. शीख, डोगरा, राजपूत ही नावे होतीच. पण ज्या नावाचा उच्चार इतरत्र अवहेलनेसाठी होत असे, ते पितळेत कोरून माथ्यावर धारण करणे ही निराळी घटना आहे. शिवाय ते नाव एका पुराव्याशेजारी ठेवलेले होते. ‘तुम्ही लढाऊ नाही’ असे म्हणणाऱ्या सरकारला त्याच्याच दगडी दस्तऐवजाची प्रत दाखवावी, तसा तो बिल्ला होता. अर्ज, विनंत्या, ठराव यांनी पन्नास वर्षांत जे साधले नाही ते त्या पितळेच्या तुकड्यावर सूत्ररूपाने आले होते.

१९४६ च्या ऑक्टोबरात रेजिमेंटचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले. बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगन एकमेकींवर तिरप्या आल्या, मागे स्तंभ राहिला, खाली नव्या नावाची पट्टी आली. हा दुसरा पाठ. इथे मूळ संहिता कायम ठेवून भर घातलेली आहे. तिसऱ्या पाठात मात्र स्तंभ नाही. बंदुका आहेत, तिकाटणे आहे, आणि स्तंभाच्या जागी खंजीर आहे.

या बदलाचे समर्थन करता येते, आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवे. स्वतंत्र भारताच्या सैन्याने, भारतीयांविरुद्ध लढलेल्या लढायांचे मान साजरे करावयाचे नाहीत, असा दंडक घातला. परक्या सत्तेने एतद्देशीय राज्य बुडविताना मिळविलेला जय प्रजासत्ताकाच्या सैनिकाने का मिरवावा? प्रश्न रास्त आहे. दुसरे असे, की महार रेजिमेंट पुढे सर्व समाजांतील सैनिकांची झाली. केरळातून वा बंगालमधून आलेल्या जवानाला कोरेगाव हे आपले स्मरण वाटेलच असे नाही. तिची घोषणाही ‘बोलो हिंदुस्तान की जय’ अशी, कोणत्याही एका समूहाचे नाव न घेणारी आहे.

हे सारे मान्य करूनही आमची शंका उरते, आणि ती असईच्या हत्तीकडे बोट दाखवते. असईलाही परक्यांनीच जय मिळवला होता, आणि तोही मराठ्यांवरच. कोरेगावला हरलेला पेशवा तोवर एकाकी पडलेला होता. असईला मात्र हिंदुस्थानातील बलाढ्य फौज मोडली आणि मराठ्यांच्या सत्तेला खऱ्या अर्थाने घरघर लागली. दंडक एकच, तर हत्ती का राहिला आणि स्तंभ का गेला? आमच्या मते याचे उत्तर चिन्हांच्या स्वभावात आहे. हत्तीला दुसरा अर्थ घेता येतो. तो बळ आहे, स्थैर्य आहे, गणेश आहे, दक्षिणेतल्या देवळातला मानकरी आहे. असई विसरूनही तो ढालीवर सुखाने उभा राहू शकतो. स्तंभाला ही सवलत नाही. तो एका ठिकाणचा आहे, त्याच्यावर तारीख आहे, नावे आहेत. हॅनोव्हरचा घोडा ज्या विस्मरणाच्या आश्रयाने वाचला, तो आश्रय स्तंभाला मिळणे शक्य नव्हते, कारण दर १ जानेवारीला तिथे माणसे जात होती, आणि आजही लाखोंनी जातात. २०१८ मध्ये लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी तिथे जो हिंसाचार झाला, त्याने हे चिन्ह किती जागे आहे ते साऱ्या देशाला कळले.

इथे एक योगायोगही नोंदवावासा वाटतो. कोरेगावला लढलेल्या त्या बटालियनला कामगिरीबद्दल ग्रेनेडिअर हा दर्जा मिळाला आणि तिची परंपरा पुढे आजच्या ग्रेनेडिअर्स रेजिमेंटमध्ये मिसळली. म्हणजे लढाईचा अधिकृत वारसा पांढऱ्या घोड्याच्या बिल्ल्याकडे गेला. महार रेजिमेंट ही सव्वाशे वर्षांनंतर उभी राहिलेली, कागदोपत्री त्या लढाईशी सलग नाते नसलेली पलटण. तिने स्तंभ घेतला तो बटालियनच्या वंशावळीतून नव्हे, माणसांच्या वंशावळीतून. लष्करी वारसाहक्काच्या नियमात हे बसत नाही. साहित्यात मात्र याला परंपरा म्हणतात: आपला पूर्वसुरी आपण निवडतो.

तेव्हा संग्राहकाच्या पेटीचे मोल काय, ते आता अधिक स्पष्ट व्हावे. बिल्ला बदलला की जुने बिल्ले जमा होतात आणि पितळ वितळते. राजपत्रे आणि आदेश दप्तरांत राहतात. पण पहिल्या पाठाचा बिल्ला हातात घेऊन त्याच्या कडा बोटाने चाचपता येणे, ही गोष्ट कोणत्याही दप्तरात होत नाही. महार रेजिमेंटचे तिन्ही पाठ एका ओळीत मांडलेले पाहिले, की स्वातंत्र्यापूर्वीची मागणी, महायुद्धानंतरची पुनर्रचना आणि प्रजासत्ताकाचे संकोच असा सारा पट उलगडतो. आपल्या विद्यापीठांत मोडीचे कागद आहेत, पोथ्या आहेत, क्वचित नाण्यांचे संग्रह आहेत. दलित साहित्याचा अभ्यासक्रम शिकविताना विद्यार्थ्यांपुढे हा पहिला बिल्ला ठेवावा, असे मात्र कोणास सुचलेले आमच्या पाहण्यात नाही. आत्मकथनांत सैन्यातल्या आज्याचे, त्याच्या पेन्शनीचे, जपून ठेवलेल्या गणवेशाचे उल्लेख येतात तेव्हा आपण ते ‘तपशील’ म्हणून ओलांडून जातो.

खंजिराचा बिल्ला लावणाऱ्या या रेजिमेंटने देशाला के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी असे दोन सेनाप्रमुख दिले. तिच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. रेजिमेंट मशीनगनवाली राहिली नाही, नेहमीच्या पायदळासारखी झाली. पाण्याने थंड ठेवावी लागणारी ती व्हिकर्स बंदूक ब्रिटिश सैन्यात १९१२ मध्ये आली आणि १९६८ मध्ये निवृत्त झाली. तीही इंग्रजांचीच, साम्राज्याच्या किती लढायांत तिचा वापर झाला याची गणती नाही. सागरच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जवानाच्या टोपीवर तिची जोडी अजून आहे, आणि तिच्याविषयी आजवर कोणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.